तिळ्या दगडाची भिंत

माझ्या मावशीच्या नवऱ्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. भिंती राहत. रस्त्यात कोणी हात केला की ते ओशाळं हसून थांबत, समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि काही केल्या ओळख पटेना म्हटल्यावर विचारत, "तुम्ही म्हणजे काळ्या पायऱ्यांच्या घरातले का हो? दुसरी पायरी हलते ते?" समोरचा म्हणे, "हो, तेच." मग काकांचा चेहरा असा उजळे की बघत राहावं. पायरीची खुशाली विचारली जाई, तिच्याखालून मुंग्या येतात का याची चौकशी होई, आणि घरातल्या माणसांचं विचारायचं राहून जाई.

गावाबाहेरच्या रस्त्याला त्यांची दगडाची वखार होती. फरशा, पायऱ्या, ओट्याचे दगड, भिंतीचे चिरे, सगळं तिथे उभं-आडवं रचलेलं. कोपऱ्यात एक पत्र्याची खोली, ते त्यांचं ऑफिस. तिथलं टेबल म्हणजे दोन चिऱ्यांवर टाकलेली भली जाड फरशी. ती एकदा ठेवली ती ठेवली, खोली झाडायची तर तिच्याभोवतीनं झाडायची. टेबलाला खण नसल्यामुळे कागद वर आणि कागदांवर दगड. वीजबिलावर हिरवट दगड, पत्रांवर पिवळा, आणि ज्यांच्याकडे बघायचंच नाही अशा कागदांवर सगळ्यात मोठा काळा. आम्ही भाचरं त्यांना फरशीकाका म्हणायचो. मावशीला हे नाव मुळीच पसंत नव्हतं. पण ती स्वतःच चिडली की म्हणायची, "तुमच्या काळजाची फरशी झालीय मेली!" त्यामुळे नाव टिकलं.

फोटोंचा अल्बम त्यांच्या हातात दिला की ते आधी अंगठ्यानं माणसांची तोंडं झाकत. मग मागचं बघत. माझ्या मोठ्या बहिणीसाठी एक स्थळ आलं होतं तेव्हा मुलाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरत फिरत त्यांच्याकडे गेला. ते बराच वेळ बघत बसले.

"काय वाटतं, भावोजी?" आईनं विचारलं.

"चौथरा एकसंध आहे. कुठे सांधा नाही. स्वस्थ माणसं असणार. द्या मुलगी."

"अहो, पण मुलगा कसा वाटतो?"

"मुलगा? हा मधे उभाय तो होय? जरा सरकला असता तर चौथरा पुरता दिसला असता."

मुलगी दिली आणि ती सुखात राहिली, तेव्हापासून काकांचा भाव आणखी वधारला. वर्तमानपत्रात कुठल्या इमारतीचं चित्र आलं की ते खालच्या ओळीवर हात ठेवत आणि नुसत्या दगडावरून गाव सांगत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बारा कोसांवर भाषा बदलते ना, तसा दगडही बदलतो. जुन्या लोकांनी दगड लांबून आणला नाही. जो पायाखाली, तोच भिंतीत." बहुतेक वेळा गाव बरोबर निघे. निघालं नाही, तर ती छापणाऱ्याची चूक असे.

आता माझ्या बाबांकडे येते, कारण त्यांच्याशिवाय ही हकीकत पुढे सरकत नाही.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, शिक्का मारायचा, घरी यायचं. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांचंही तेच मत होतं. एकदा त्यांनी सकाळी भांग उजवीकडून पाडून बघितला होता. दुपारी जेवायला आले तेव्हा तो परत डावीकडे होता. बंडखोरी म्हणायची तर एवढीच. आई त्यांना कधीच "कुठे होतात?" असं विचारत नसे, जसं आपण घड्याळाला विचारत नाही.

मी कॉलेजात होते त्या वर्षी खात्यानं बाबांना डोंगरावरच्या एका गावी चार दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. ट्रकांसकट वजन करतात त्या मोठ्या काट्यांची तपासणी कशी करायची, हा विषय. बाबा गेले, चार दिवसांनी आले, बॅगेतून दात घासायचा ब्रश काढून जागेवर ठेवला, संपलं. पण तिथे दुसऱ्या गावच्या एका निरीक्षकाशी त्यांची ओळख झाली होती. त्याच्याकडे कॅमेरा होता. त्यानं बाबांचा फोटो काढला आणि महिन्याभरानं पोस्टानं पाठवून दिला. बाबा कमरेवर हात ठेवून एका दगडी भिंतीपुढे उभे आहेत आणि चक्क हसतायत.

रविवारी मावशी आणि काका चहाला आले तेव्हा बाबांनी तो फोटो हळूच काढला.

"छान आलाय की!" मावशी म्हणाली. "पोट आत ओढलंय वाटतं."

काकांनी फोटो घेतला, बाबांच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि उठून खिडकीशी गेले.

"सुरेख भिंत. कुठली म्हणालात?"

"डोंगरावरच्या विश्रामगृहाची. आमचे वर्ग तिथंच होते."

"छे."

"छे म्हणजे?"

"हा तिळ्या दगड आहे, साडूभाऊ. तांबूस अंग आणि वर पांढरे तीळ पेरल्यासारखे. हा आपल्या गावामागच्या खाणीशिवाय कुठे निघत नाही. डोंगरावर सगळा पांढरा दगड, खडूसारखा. हा फोटो आपल्या गावातला आहे."

"अहो, मी स्वतः तिथे उभा होतो!"

"तुम्ही उभे होतातच. पण डोंगरावर नाही."

बाबा लाल झाले. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तुम्ही बोलताय का ते मला काय ठाऊक," काका अगदी मायेनं म्हणाले. "दगड काही खोटं बोलत नाही."

त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आपण एका माणसाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवतोय हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्या फोटोत माणूस आहे हेच ते विसरले होते. मावशीनं त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि म्हणाले, "लागला का गं तुला?"

आई हसली. "भावोजींचं आपलं काहीतरीच," असं म्हणत आणखी चहा करायला गेली. पण तो चहा बाबांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवला. आईनं साखरेऐवजी मीठ घातलं होतं.

त्या संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या करत होती.

"तिथे थंडी होती का हो?"

"होती की. चांगलीच."

"मग स्वेटर धुवायला कसा नाही पडला?"

"घातलाच नाही."

"थंडी होती ना?"

"होती. पण वर्गात खिडक्या बंद असायच्या."

"हं," आई म्हणाली. आमच्या घरात 'हं'चे पुष्कळ प्रकार होते, पण हा मी पहिल्यांदा ऐकला.

खरं तर बाबांच्या ऑफिसात एका शब्दानं खुलासा झाला असता. मी आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आणि विचारल्यावर ते म्हणाले, नाही बुवा, आम्ही कुठे पाठवलं? मग मी कुठल्या तोंडानं घरी येऊ? त्यापेक्षा झाकली मूठ बरी."

इकडे काकांना चैन पडेना. गावातली भिंत आणि ती आपल्याला ओळखता येत नाही! त्यांनी बाबांकडून फोटो मागून घेतला, तो शर्टाच्या खिशात टाकला आणि स्कूटरवरून गाव पालथं घालायला निघाले. दिसली तिळ्या दगडाची भिंत की स्कूटर उभी, खिशातून फोटो बाहेर, एक डोळा मिटून तुलना. लोक विचारत, "कोणी हरवलंय का?" काका म्हणत, "माणूस आहे हो घरी. जागा हरवलीय." आणि संध्याकाळी वखार बंद केली की आमच्याकडे येऊन आईला वृत्तान्त देत.

"पोस्टामागची नाही. तिथले सांधे जाड आहेत."

"बरं."

"दवाखान्याची नाही. तिथे चिरे लहान."

"बरं, भावोजी."

"काळजी करू नका, सापडेल. गाव असं कितीसं मोठं आहे!"

आईचा चेहरा एकेका भिंतीगणिक उतरत चालला होता. शेवटी मावशीनं काकांना वखारीत जाऊन गाठलं. मी तिच्याबरोबर होते. ती त्या टेबलापुढे उभी राहून कडाडली, "अहो, तुम्ही भिंत शोधताय की माझ्या बहिणीची सवत?"

काका बावचळले. "सवत? कोण सवत?"

"तो माणूस चार दिवस गावातच होता म्हणता. मग होता कुठे? कुणाकडे?"

काकांनी विचार केला. खरोखर केला. मग म्हणाले, "ते मी कसं सांगू? भिंत सापडली की घर सापडेल. मग तुम्हीच विचारा."

मावशीनं कपाळाला हात लावला.

या सगळ्यात बाबा काय करत होते? सुरुवातीचे आठ-दहा दिवस ते फुरंगटून होते. मग त्यांना एक गोष्ट जाणवली असावी. सकाळी ते निघाले की आई दारापर्यंत येई. संध्याकाळी आले की हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी ते गूढ वाटत होते. आणि बाबांना ते चक्क आवडायला लागलं!

"खरं सांगा, ते चार दिवस कुठे होतात?" आईनं एकदाचं विचारलं.

माझी खात्री होती की ते आता बसचं तिकीट, प्रशिक्षणाचे कागद, काहीतरी आणून दाखवतील. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "जिथे होतो, तिथे होतो."

मग नवा कंगवा आला. आंघोळ करताना शीळ ऐकू यायला लागली. शीळ कसली, कुकरची शिटी अर्धवट अडकावी तसा प्रकार. एकदा ते घरी अर्धा तास उशिरा आले आणि कारण सांगितलं नाही. मला कारण माहीत होतं. कॉलेजातून येताना मी त्यांना पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बघितलं होतं. एकटेच बसून शेंगदाणे खात होते आणि मधूनमधून घड्याळ बघत होते.

"बाबा, घरी नाही आलात?"

"अजून दहा मिनिटं आहेत," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच, "आईला सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं, कारण दुसऱ्याच दिवशी काका धापा टाकत आले.

"जवळजवळ सापडली! गायनशाळेची मागची भिंत. चिरे तेवढेच, सांधे तेवढेच. एक खांब जास्त आहे, पण तो मागाहून बांधला असेल."

आईनं 'गायनशाळा' ऐकलं. आत मोरीतून शीळ ऐकू येत होती. दोन आणि दोन चार झाले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गायनशाळेत गेली. इस्त्रीची साडी, ओठ घट्ट मिटलेले. दार उघडलं ते मफलर गुंडाळलेल्या, बोळक्या तोंडाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. शाळेत शिकवणारे ते एकटेच. दुसरं कोणी? दुसरं कोणी नाही, एक मांजर आहे. आता आलोच आहोत तर कशाला आलो हे सांगणं भाग होतं. आई म्हणाली, "गाणं शिकायचंय."

"लावा सा," गुरुजी म्हणाले.

आईनं लावला. मांजर उठून बाहेर गेलं. गुरुजींनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. "आवाज दणकट आहे. वरच्या मजल्यावर हाक मारायला उत्तम. पण शिकवू. सोमवारपासून या."

भिडस्त स्वभावामुळे आई पुढचा महिनाभर दुसरी-तिसरीतल्या मुलींच्या रांगेत बसून सारेगम म्हणत होती. घरात आता दोघंही गात होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

शेवटी मावशीनंच निकाल लावायचा ठरवला. "सगळ्यांनी त्या डोंगरावर जायचं. भिंत असली तर असली, नसली तर नसली. माझ्या डोक्याला ताप नको."

काका लगेच तयार झाले. विरोध केला तो बाबांनी. त्यांचे गुडघे दुखत होते. मग त्यांना बस लागायला लागली, जी त्यांना जन्मात लागली नव्हती. शेवटी म्हणाले, "कशाला उगीच खोलात जायचं?" हे ऐकून आईचा चेहरा इतका पडला की त्यांना बॅग भरावीच लागली.

बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. बाहेर नदी, शेतं, डोंगर काय काय होतं, पण त्यांना दिसत होती ती कुंपणं आणि पूल. "हा काळा सुरू झाला," ते सांगत. "आता करडा. बघा, बघा, संपला करडा." घाट चढायला लागलो तशी घरं खरोखरच पांढरी व्हायला लागली. पायऱ्या पांढऱ्या, कठडे पांढरे, शाळा पांढरी. सगळं खडूनं रेखाटल्यासारखं.

"म्हटलं नव्हतं? इथे तिळ्या असूच शकत नाही!" काका जाग्यावरून अर्धवट उठत म्हणाले.

मावशीनं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. आई समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होती. बाबांनी जांभई दिली, पण ती त्यांना नीट जमली नाही.

विश्रामगृह गावाच्या टोकाला होतं. रस्ता वळला आणि आम्ही पाचही जण उभे राहिलो. पांढऱ्याशुभ्र गावात ते एकच कुंपण तांबूस होतं. वर पांढरे तीळ.

काका पुढे गेले. भिंतीवर तळवा टेकवला. मग बोटाला थुंकी लावून एका चिऱ्यावर चोळली. ओल्या दगडाचा रंग खरा कळतो असं ते म्हणत. रंग बघितला आणि एकदम खांदे पाडून म्हणाले, "तिळ्याच आहे."

फाटकातून रखवालदार आला. एवढी माणसं कुंपणाला चिकटलेली बघून त्याला काळजी वाटली असणार. मावशीनं विचारलं, "हा दगड इथला का हो?"

"नाही बाई. इथला पांढरा दगड पावसात विरतो. कुंपण दोनदा पडलं. मग साहेबांनी खालून ट्रकनं आणवला. मी नोकरीला लागलो त्या वर्षी."

"ट्रकनं," काका पुटपुटले. "दोन ट्रक... एक ठेकेदार आला होता खरा माझ्याकडे. दोन ट्रक तिळ्या घेऊन गेला."

"तुमच्याकडून?" मावशीचा आवाज चढला. "म्हणजे हा तुमचाच माल? आणि कुठे नेतोय ते विचारलं नाहीत?"

"नाही विचारलं."

"का?"

"मला वाटलं..." काकांनी असहायपणे हात पसरले. "दगड जाऊन जाऊन जाणार कुठे?"

आईला हसू फुटलं. आधी बारीक, मग ती पदर तोंडाला लावून रस्त्याच्या कडेला खालीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे तुम्ही इथेच होतात!" ती बाबांना म्हणाली.

"इथेच होतो," बाबा म्हणाले. गुन्हा कबूल करावा तसा त्यांचा आवाज होता.

"आणि फोटो काढताना कुठे उभे होतात?"

बाबा जाऊन फोटोतल्या जागी उभे राहिले. हात कमरेवर ठेवला, पण हसणं काही जमेना. काका त्यांच्यासमोर गेले. माफी मागायची होती, आणि ती त्यांना मागता येत नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"साडूभाऊ, दगड बरोबर होता. माणूस चुकला."

"कोण माणूस?"

"मी."

बाबांनी खाली मान घातली. मग फक्त त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणखी महिनाभर चुकला असतात तरी चाललं असतं हो." मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. काकांना त्याचा अर्थ लागला नाही. ते बाबांच्या खांद्यावरून मागे बघायला लागले होते.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले.

बाबा सरकले. त्यांच्या पाठीमागे एक मोठा चिरा होता आणि त्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

"हा! हा मी बाजूला काढून ठेवला होता!" काका ओरडले. "याच्यात शीर होती. मी ठेकेदाराच्या लोकांना सांगितलं, हा ट्रकवर चढवू नका, हा फुटणार. चढवलाच! आणि बघा, फुटला! बरोबर शिरेतून फुटला!" त्यांनी रखवालदाराचा हात धरून त्याला भेगेपाशी नेलं. "आणि सांध्यांत सिमेंट? तिळ्याला सिमेंट सोसत नाही, बाबा. चुना लागतो. आत पाणी कोंडतंय. कोण आहेत तुमचे साहेब? बोलवा!"

साहेब आले, ऐकून घेतलं, आणि गावात चुना कालवणारा गवंडी मिळेल का याची चर्चा सुरू झाली. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा काका बाह्या वर करून, एका पांढऱ्या दगडावर बसून, चार अनोळखी माणसांना सांधा कसा उकरायचा ते दाखवत होते.

"अहो, बस!" मावशी म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे. हे असं टाकून कसं येऊ? माल माझा आहे."

"आणि कपडे?"

"अंगावर आहेत की."

आम्ही त्यांच्याशिवाय निघालो. मावशी खिडकीतून बाहेर बघत अर्धा घाट बडबडत होती, मग तिला झोप लागली. आई आणि बाबा माझ्या पुढच्या सीटवर शेजारी बसले होते.

"सांगून का नाही टाकलंत?" आई म्हणाली. "तिकीट होतं ना तुमच्याकडे? माझा जीव किती टांगणीला लागला होता! त्या गुरुजींपुढे सारेगम म्हणायची वेळ आली माझ्यावर."

बाबा म्हणाले, "इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा विचारलंस, कुठे होतात म्हणून."

आईनं पिशवीतून मोसंबं काढलं, सोललं आणि फोडी एकेक करून त्यांच्या हातावर ठेवत राहिली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी त्यांना विचारायला लागली, आज काय केलंत? आणि बाबा सांगायला लागले. कुठल्या दुकानाचा काटा किती ग्रॅमनं खोटा होता, शिक्का कुठे उमटला, कुठे पुसट आला, सगळं बैजवार. चौथ्या-पाचव्या दिवशी आईला ऐकता ऐकता डुलकी लागली. पण विचारायचं तिनं सोडलं नाही आणि बाबांनी सांगायचं सोडलं नाही. शीळ मात्र हळूहळू बंद पडली.

काका आठवड्यानं उतरले. शर्टावर चुना, नखांत चुना, चेहऱ्यावर लग्न लावून आल्यासारखं समाधान. पुढे वखारीत कोणी दगड घ्यायला आलं की ते न चुकता विचारत, "कुठे नेणार?" गिऱ्हाईक बिचकायचं. फोटो बघून गाव सांगण्याचा त्यांचा नाद सुटला नाही, पण बोलण्याची ढब बदलली. "दगड त्या गावचा आहे," ते म्हणत. "भिंत कुठली, ते तुम्ही सांगा." कोणी काही सांगितलं, अगदी अशक्य गावाचं नाव घेतलं, तरी मान डोलावत.

मला नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात. तिथे एका उंच इमारतीत मी दोन खोल्या घेतल्या. बाहेरच्या खोलीची एक भिंत दगडी होती, करड्या रंगाची, खडबडीत. घरमालकानं सांगितलं होतं की खास मागवलेला दगड आहे. मी ती खोली त्या भिंतीसाठीच पसंत केली होती, आणि खरं सांगायचं तर काकांना दाखवण्यासाठी.

वर्षभरानं मावशी आणि काका माझ्याकडे राहायला आले. तोवर ते बरेच थकले होते, काठी घेऊन चालत. मी त्यांना त्या भिंतीपुढे उभं केलं आणि म्हटलं, "काका, ओळखा. कुठला दगड?"

ते बघत राहिले. मग तळवा टेकवला. टेकवून बराच वेळ तसाच ठेवला. आतून मावशीनं मला हाक मारली, साखर कुठे ठेवलीस म्हणून, आणि मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा काका भिंतीच्या खालच्या कोपऱ्याशी वाकले होते आणि मला बघून घाईघाईनं सरळ झाले.

"मग? लागला पत्ता?"

"लांबचा आहे," काका म्हणाले. "आपल्या बाजूचा नव्हे. माझ्या हाताखालून कधी गेला नाही."

"चांगला आहे ना?"

"तुला आवडतो ना? मग चांगला आहे."

चार दिवस राहून ते गेले. ते गेल्यावर केर काढताना केरसुणी लागली आणि भिंतीच्या त्या कोपऱ्यातला नखाएवढा कागद सुटून आला. आत साधा सिमेंटचा गिलावा होता. कागदावर दगड छापलेला होता, उठावदार, हाताला खडबडीत लागेल असा. आणि तो तुकडा कोणीतरी आधी एकदा भाताचं शीत लावून, अंगठ्यानं दाबून, परत नीट चिकटवून ठेवला होता.